कथलाची करकर

कल्हईवाल्याकडे असते तशी शुद्ध कथलाची कांडी घ्यावी, कानाजवळ धरावी आणि सावकाश वाकवावी. कांडी मोडत नाही, तिला चीर जात नाही, तरी आतून करकर ऐकू येते. उलट बाजूला वाकवली की पुन्हा तीच करकर. शिसं मिसळलेल्या कथलात हा आवाज दबतो, म्हणून युरोपातले जुने कारागीर कांडी वाकवून कथलाचा कस कानाने ओळखत. त्यांच्या भाषांत या आवाजाला कथलाचं रडणं म्हणतात.

या रडण्याचं कारण कारागिरांना ठाऊक नव्हतं. ते कळण्यासाठी स्फटिकाच्या आत डोकवावं लागलं, आणि डोकावणारी माणसं एका आळीतली नव्हती. कुणी खनिजं तपासणारा, कुणी पोलादाचा जाणकार, कुणी रेडिओसाठी क्वार्ट्झच्या चकत्या कापणारा. प्रत्येकाच्या पुढ्यात वेगळा पदार्थ होता, पण दिसत होतं ते सारखंच. दाब दिला की काही स्फटिक तुटत नाहीत, आणि स्प्रिंगसारखे नुसते लवून परतही येत नाहीत. ते आतली ठेवण बदलतात, दुसऱ्या बाजूला झुकतात आणि तिथेच राहतात. या वागण्याला १९६९ साली टोकियोत नाव मिळालं: फेरोइलॅस्टिकता. त्या नावापाशी विज्ञान कसं पोचलं, आणि नाव मिळाल्यावर काय बदललं, त्याची ही हकिगत.

सुरीच्या पात्याखाली

१६६९ साली कोपनहेगनच्या एरास्मस बार्थोलिन यांनी आइसलँडहून आलेल्या एका पारदर्शक खनिजावर पुस्तिका लिहिली. कागदावरच्या रेघेवर हा खडा ठेवला की एका रेघेच्या दोन दिसत. पुढे ख्रिस्तियान ह्यूगेन्स यांनी १६९० च्या आपल्या ग्रंथात प्रकाशलहरींच्या आधारे या नवलाचा उलगडा केला, आणि ‘आइसलँड स्पार’ युरोपभरच्या प्रयोगशाळांत जाऊन पोचला. हा अतिशुद्ध कॅल्साइट. पूर्व आइसलँडमध्ये हेल्गुस्ताडिर इथे तो बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडे. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळही बेसॉल्टच आहे, आणि महाराष्ट्रातल्या दगडखाणींत झिओलाइटच्या शेजारी कॅल्साइट निघतो. हातोडीची टिचकी मारली की तो ठरावीक पातळ्यांवर फुटतो आणि चहूबाजूंनी तिरके, गुळगुळीत अंगाचे ठोकळे हाती येतात.

जवळजवळ दोनशे वर्षं या खनिजाला मान मिळाला तो प्रकाशामुळे. त्याच्यावर जोर लावून पाहण्याचं काम नंतर सुरू झालं. १८६७ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनचे एडुआर्ड रॉयश यांनी दाखवलं की कॅल्साइट योग्य दिशेने दाबला तर त्याच्यात पातळ पापुद्रे उमटतात, आणि त्या पापुद्र्यांतली अणूंची मांडणी मूळ मांडणीच्या आरशातल्या प्रतिमेसारखी असते. अशा जोडीला खनिजशास्त्रात जुळे स्फटिक म्हणतात. निसर्गात वाढतानाच जुळे झालेले स्फटिक सर्वांना माहीत होते. तयार स्फटिक नुसत्या दाबाने जुळा होतो, ही गोष्ट नवी होती.

बारा वर्षांनी, १८७९ मध्ये, हाइनरिश बाउमहाउअर यांनी तेच काम साध्या सुरीने करून दाखवलं. प्रयोग इतका सोपा की आजही वर्गात करता येतो. कॅल्साइटचा लांबट ठोकळा त्याच्या बोथट कडेवर ठेवायचा. समोरच्या बोथट कडेवर, टोकापासून थोड्या अंतरावर, सुरीचं पातं आडवं टेकवायचं आणि सावकाश पण ठामपणे दाबायचं. पातं आत शिरतं. त्याच्या एका अंगाचा सगळा भाग थराथराने सरकतो आणि उलट्या बाजूला कलून थांबतो. ठोकळ्याला खाच पडलेली दिसते, पण कललेल्या भागाचं अंग आरशासारखं गुळगुळीत राहतं. भुगा होत नाही, तडा जात नाही.

पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून वरून तळहाताने सरकवला तर प्रत्येक पान खालच्या पानावर किंचित घसरतं आणि सरळ कॅट तिरका होतो. कॅल्साइटमध्ये असंच घडतं. प्रत्येक थर खालच्या थरावर ठरावीक अंतर सरकतो, आणि सोबत त्यातले कार्बोनेटचे गट वळून नव्या दिशेला बसतात. कुणीही आपला शेजारी सोडत नाही. शेजार कायम राखून सगळ्यांनी एकाच वेळी दिशा बदलणं, हाच या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे.

रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली स्प्रिंगचा नियम मांडला होता: जितका जोर, तितकी ओढ. त्या नियमाच्या पलीकडे पदार्थ तुटतो किंवा कायमचा वाकतो, असा अभियंत्यांचा हिशोब होता. बाउमहाउअरचा ठोकळा या हिशोबात कुठेच बसेना. तो मोडला नव्हता आणि वेडावाकडाही झाला नव्हता. त्याने एका नेमक्या आकारातून दुसऱ्या नेमक्या आकारात उडी घेतली होती.

डोंगरांच्या पोटातही हेच चाललेलं असतं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे फ्रँक डॉसन अ‍ॅडम्स आणि जॉन निकोल्सन यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर इटलीतल्या करारा गावच्या संगमरवराचे दंडगोल लोखंडी नळ्यांत घट्ट बसवले आणि प्रचंड दाबाखाली ठेवले. संगमरवर फुटला नाही, फुगला. त्याच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या तेव्हा कॅल्साइटचे कण जुळ्या पट्ट्यांनी भरलेले दिसले. आज भूशास्त्रज्ञ चुनखडीतल्या या पट्ट्यांची दिशा मोजतात आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी खडकावर कुठून रेटा आला होता ते सांगतात. खडकाने सोसलेला दाब त्याच्या अंगावर असा लिहिलेला राहतो.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस युक्रेनमधल्या खारकीवचे आर. आय. गार्बर यांनी कॅल्साइटमध्येच एक नाजूक गोष्ट टिपली. दाब थोडा असेल तर जुळा पापुद्रा स्फटिकात पाचरीसारखा शिरतो, आणि दाब काढला की मागे सरून नाहीसा होतो. दोन मांडण्यांमधली सीमा पुढेमागे हलू शकते, हे आता डोळ्यांना दिसलं.

लोहाराचं पाणी

खनिजांच्या अभ्यासकांचं हे काम धातूंच्या अभ्यासकांपर्यंत फारसं पोचलं नाही. त्यांचा रस्ता लोहाराच्या भात्यापासून निघाला होता. कोयता लाल करून पाण्यात बुडवला की त्याला धार टिकण्याइतका कठीणपणा येतो. पाणी देण्याची ही विद्या हजारो वर्षांची, पण पाण्यात बुडवण्याच्या त्या क्षणी पोलादाच्या आत काय घडतं हे कळायला सूक्ष्मदर्शक यावा लागला. बर्लिनचे आडोल्फ मार्टेन्स यांनी धातूंचे पृष्ठभाग घासून, चमकावून न्याहाळण्याचं तंत्र रुजवलं, आणि पाणी दिलेल्या पोलादात दिसणाऱ्या सुयांसारख्या रचनेला फ्रान्सच्या फ्लोरिस ऑसमाँ यांनी १८९५ साली त्यांच्या सन्मानार्थ मार्टेन्साइट म्हटलं. इथेही अणू शेजार सोडून भटकत नाहीत. अणूंची सगळी जाळी एकदम तिरकी होते. तप्त पोलादातले अणू नव्या जागा शोधत हिंडतील एवढा वेळच थंड पाणी त्यांना देत नाही.

पोलादातला बदल सहसा परतत नाही. परतणारा बदल सापडला तो सोन्याच्या मिश्रधातूत. १९३२ साली स्वीडनचे आर्ने ओलांडेर सोनं आणि कॅडमियम यांच्या मिश्रणावर काम करत असताना त्यांना ते रबरासारखं वागताना दिसलं. १९४९ मध्ये सोव्हिएत संघात गिओर्गी कुर्द्युमोव आणि खान्द्रोस यांनी तांबं, अ‍ॅल्युमिनियम आणि निकेल यांच्या मिश्रधातूत मार्टेन्साइटचे पट्टे थंड करताना वाढताना आणि तापवताना आखडताना पाहिले. १९५१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात चँग आणि थॉमस रीड यांनी सोनं-कॅडमियमच्या एका स्फटिकात दोन मांडण्यांमधली सीमा सरकताना पाहिली. ती तापमानाने सरकत होती आणि जोर लावूनही सरकत होती. कॅल्साइटमधली गार्बरची पाचर आणि धातूतली ही सीमा सख्ख्या बहिणी होत्या, पण त्या काळी त्यांची गाठ कुणी घालून दिली नाही.

रेडिओच्या चकत्या

याच सुमारास क्वार्ट्झवर युद्धाची वेळ आली. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांत, विमानांत, सैनिकांच्या पाठीवर रेडिओ संच होते. त्यांची वारंवारिता स्थिर ठेवायला क्वार्ट्झच्या पातळ चकत्या लागत. चांगला क्वार्ट्झ मुख्यतः ब्राझीलमधून येई, आणि त्यातला बराच जुळा असे. बाहेरून निर्मळ दिसणाऱ्या स्फटिकात दोन भाग विजेच्या दृष्टीने एकमेकांच्या विरुद्ध असत. दाबल्यावर एकाची वीज दुसऱ्याची वीज पुसून टाकी, आणि चकती वाया जाई.

अमेरिकेत क्लिफर्ड फ्रोंडेल यांनी १९४५ साली लिहिलं की चांगल्या चकतीतही उष्णतेमुळे नवे जुळे भाग तयार होऊ शकतात. केंब्रिजमध्ये नोरा आणि विल्यम वूस्टर या दांपत्याने उलट वाट धरली. त्यांनी क्वार्ट्झ तापवला, त्याला पीळ दिला आणि जुळेपण काढून टाकलं. १९४६ साली हे काम प्रसिद्ध झालं. हा दोष जोर लावून काढता येतो, हा धडा त्यातून मिळाला.

क्वार्ट्झचं एक गूढ बंगळूरमध्ये उकलायला लागलं होतं. ५७३ अंश सेल्सियसला क्वार्ट्झची रचना बदलते. सी. व्ही. रामन आणि टी. एम. के. नेडुंगडी यांनी १९४० साली त्याच्यावर प्रकाश टाकून विखुरलेल्या किरणांचा वर्णपट घेतला. तापमान त्या अंशाकडे चढत गेलं तसं अणूंचं एक कंपन मंदावत, पुसट होत गेलेलं त्यांना दिसलं. बदलण्याआधी स्फटिक आतून मऊ पडतो, असा त्याचा अर्थ. पुढच्या दोन दशकांत याच विचारातून रचनाबदलांचा मोठा सिद्धांत उभा राहिला, आणि ज्या दिशेने स्फटिक मऊ पडतो त्याच दिशेने तो पुढे झुकतो, हे त्यातून कळलं.

धप्प आणि टण्ण

१९५९ साली अमेरिकेच्या मेरीलँडमधल्या नौदलाच्या शस्त्रसंशोधन प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर क्षेपणास्त्राच्या नाकासाठी धातू शोधत होते. वातावरणात परत शिरताना होणारी उष्णता आणि हादरे सोसेल असा मिश्रधातू हवा होता. निकेल आणि टायटॅनियम जवळजवळ समान संख्येने असलेलं मिश्रण त्यांना आशादायक वाटलं.

ओतलेल्या कांड्या गार होत होत्या. पुढे त्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी सांगितलेली हकिगत अशी, की गार झालेली एक कांडी ब्यूलर यांनी सिमेंटच्या जमिनीवर टाकून पाहिली. आवाज आला धप्प, शिशाचा तुकडा पडल्यासारखा. कांडीला आत तडे गेले असावेत या काळजीने त्यांनी बाकीच्या कांड्याही टाकल्या. अजून गरम असलेली कांडी घंटेसारखी टण्ण वाजली. मग तीच कांडी त्यांनी पाण्याखाली धरून गार केली आणि पुन्हा टाकली. धप्प. तापवली, टाकली. टण्ण.

कारागिराने कथलाला कान लावावा तसा ब्यूलर यांनी या मिश्रधातूला लावला होता. गार कांडीत जुळ्या पट्ट्यांच्या असंख्य सीमा असतात. ध्वनीची लाट आली की त्या थोड्या थोड्या सरकतात आणि तिची ऊर्जा पिऊन टाकतात, म्हणून आवाज विझतो. तापलेल्या कांडीत सगळी रचना सरळ, एकसारखी झालेली असते. सीमाच नसतात, म्हणून नाद घुमतो.

या मिश्रधातूला निटिनॉल नाव पडलं. निकेल, टायटॅनियम आणि नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरी यांची ती आद्याक्षरं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोगशाळेच्या वरिष्ठांच्या बैठकीत निटिनॉलची एक पट्टी हातोहात फिरली. वारंवार वाकवूनही ती तुटत नाही हे दाखवण्यासाठी तिच्या घड्या घातल्या होत्या. डेव्हिड मझी या अधिकाऱ्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने पाइप पेटवायचा लायटर पट्टीखाली धरला. पट्टी सगळ्या घड्या सोडून सरळ ताठ झाली.

१९६२ मध्ये संघात आलेल्या फ्रेडरिक वांग यांनी क्ष-किरणांनी तिची अणुरचना अभ्यासली आणि कारण हळूहळू उलगडत गेलं. गार पट्टी वाकवताना अणूंची पळापळ होत नाही, फक्त जुळ्या पट्ट्यांचे कल बदलतात. डावीकडे झुकलेले काही भाग उजवीकडे झुकतात. तापवलं की झुकणंच संपतं, प्रत्येक अणू उभ्या, सरळ ठेवणीत येतो, आणि कुणीच शेजारी सोडलेला नसल्याने पट्टीला तिचा मूळ आकार आपोआप सापडतो. लोक याला धातूची स्मृती म्हणतात. खरं तर धातूला काही आठवावं लागत नाही, कारण त्याने काही सोडलेलंच नसतं.

टोकियोत बारसं

आता मंचावर टोकियो येतं, आणि एका जुन्या योगायोगाने त्याच शहरात आधीची पायाभरणी झाली होती. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडचे जेम्स आल्फ्रेड यूइंग टोकियोत शिकवत असताना लोखंडाच्या चुंबकत्वावर प्रयोग करत होते. चुंबकीय बल वाढवून मग कमी केलं तरी लोखंड लगेच मूळ स्थितीत येत नाही, मागे रेंगाळतं, असं त्यांना दिसलं. या रेंगाळण्याला त्यांनी हिस्टेरेसिस म्हटलं. १९०७ साली पिएर वाइस यांनी त्याचं कारण सुचवलं: लोखंडात लहान लहान प्रदेश असतात, प्रत्येक प्रदेशातली चुंबकाची दिशा एकसारखी असते, आणि बल लावलं की प्रदेशांच्या सीमा सरकतात.

१९२० साली अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या जोसेफ वॅलासेक यांना रोशेल सॉल्ट या क्षाराच्या स्फटिकात तसंच रेंगाळणं विजेच्या बाबतीत सापडलं. या गुणाला पुढे फेरोइलेक्ट्रिसिटी म्हणू लागले. त्यात लोखंड अजिबात नाही. लॅटिनमध्ये लोखंडाला फेरम म्हणतात, आणि लोखंडासारखं वागणं एवढाच त्या ‘फेरो’चा अर्थ.

चुंबकत्वात हे दिसलं, विजेतही दिसलं. मग जोर लावल्यावर होणाऱ्या विकृतीत, म्हणजे आकाराच्या बदलात, का दिसू नये? हा प्रश्न नीट मांडला टोकियोजवळच्या हिताची कंपनीच्या मध्यवर्ती संशोधनशाळेतल्या केइत्सिरो आयझू यांनी. जपानचा इलेक्ट्रॉनिक उद्योग त्या वर्षांत झपाट्याने वाढत होता, आणि दोन स्थिर अवस्था असलेला कोणताही पदार्थ त्याला हवाच होता. दोन अवस्था म्हणजे हो आणि नाही, उघडं आणि बंद.

१९६९ च्या शोधनिबंधात आयझू यांनी व्याख्या दिली. बाहेरचा जोर नसताना स्फटिकाला दोन किंवा अधिक दिशांनी झुकून राहता येत असेल, आणि जोर लावून त्याला एका झुकावातून दुसऱ्यात नेता येत असेल, तर तो फेरोइलॅस्टिक.

ही व्याख्या आपल्या अंगणातल्या बाजेवर समजते. सांधे घट्ट असताना बाज काटकोनात उभी राहते. सांधे सैल झाले की ती डावीकडे तरी कलते, नाहीतर उजवीकडे. डावीकडे कललेली बाज उजवीकडे ढकलली तर आधी अडून बसते. जोर वाढवत नेला की एका क्षणी पलीकडे कलते, आणि हात काढला तरी परत येत नाही. परत आणायला उलटा जोर लावावा लागतो. स्फटिकात सांधे सैल करण्याचं काम तापमान करतं, पण बाजेच्या उलट रीतीने: तापलेला स्फटिक काटकोनात असतो, आणि एका ठरावीक तापमानाखाली गार झाला की कलतो. स्फटिकाचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या बाजूंना कलतात आणि जुळ्या पट्ट्या तयार होतात. जोर लावला की अनुकूल बाजूला कललेल्या पट्ट्या रुंदावतात आणि प्रतिकूल आक्रसतात. जोर आणि विकृती यांचा आलेख काढला तर यूइंग यांच्या चुंबकासारखंच रेंगाळणारं वेटोळं मिळतं.

आयझू यांचं मोठं काम मात्र व्याख्येच्या पुढचं. उंच तापमानाची सममिती आणि कललेल्या अवस्थेची सममिती यांच्या शक्य जोड्या त्यांनी गणिताने तपासल्या आणि फेरोइलॅस्टिक बदलाच्या ९४ जाती असू शकतात असं मांडलं. प्रत्येक जातीत किती कल शक्य आहेत आणि त्यांच्यामधल्या सीमा कोणत्या दिशेने पडतील, हेही या पद्धतीने आधीच सांगता येऊ लागलं. त्याच वर्षी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅडोलिनियम मॉलिब्डेट या स्फटिकात फेरोइलॅस्टिक आणि फेरोइलेक्ट्रिक हे दोन्ही गुण एकत्र दाखवले. या स्फटिकाला जोराने दाबलं की त्याच्या विजेचं टोक उलटतं, आणि वीज लावली की त्याचा आकार उलटतो.

यानंतर विखुरलेली गाठोडी एका घरात येऊ लागली. १९७० च्या दशकात लेड फॉस्फेट या स्फटिकातला कल सापडला. वूस्टर दांपत्याच्या क्वार्ट्झसाठी आयझू यांनी वेगळा, अधिक नाजूक वर्ग केला, कारण तिथे दोन जुळ्यांचा आकार एकच असतो आणि दाबाखाली त्यांचा कडकपणा तेवढा वेगळा पडतो. खनिजवाला, धातुवाला आणि विजेचा अभ्यासक आता एकमेकांचे शोधनिबंध वाचू शकत होते, कारण त्यांच्यात एक शब्द समान झाला होता.

चिनीमातीला आलेलं बळ

सिरॅमिक ठिसूळ असतं, हे कपबशी फुटलेल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. एकदा चीर सुरू झाली की ती थांबत नाही. झिर्कोनियम ऑक्साइड, म्हणजे झिर्कोनिया, तर आणखी अवघड. सुमारे ११७० अंशांखाली गार होताना त्याची रचना तिरकी होते आणि ते फुगतं, त्यामुळे भट्टीतून काढलेली वस्तू स्वतःच तडकते.

ऑस्ट्रेलियाचे रॉन गार्वी, रिचर्ड हॅनिंक आणि आर. टी. पॅस्को यांनी १९७५ साली ‘नेचर’मध्ये छापलेल्या निबंधाच्या शीर्षकातच विचारलं होतं की हे सिरॅमिकचं पोलाद तर नव्हे? त्यांनी झिर्कोनियाचे बारीक कण तिरके न होऊ देता रोखून धरले होते. चीर जवळ आली की तिच्या टोकाशी एकवटलेला ताण त्या कणांना मोकळं करतो. ते तिरके होतात, फुगतात, आणि चिरेला दोन्ही बाजूंनी दाबून तिची वाट अडवतात.

१९८६ साली अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठाचे अनिल विरकर आणि त्यांचे सहकारी मात्सुमोतो यांनी दुसरं कारण पुढे आणलं. झिर्कोनियाच्या चौकोनी रचनेतच वेगवेगळ्या दिशांचे प्रदेश असतात, आणि ताणाखाली ते दिशा बदलतात. आयझू यांची व्याख्या इथे जशीच्या तशी लागू होती. दिशा बदलायला ऊर्जा लागते, आणि ती चिरेच्या वाट्याची ऊर्जा असते. जेट इंजिनच्या पात्यांवर उष्णतेपासून रक्षणासाठी झिर्कोनियाचा पातळ लेप असतो. तो लेप टिकण्यामागे हे दिशाबदल आहेत, असं पुढच्या संशोधनातून दिसून आलं.

हे बळ नेहमी उपयोगीच ठरलं असं मात्र नाही. जो बदल चीर अडवतो, तोच ओलाव्याच्या संगतीने हळूहळू पृष्ठभाग पोखरू शकतो. २००१ साली झिर्कोनियाच्या कृत्रिम खुब्यांचे काही खेपांतले गोळे रुग्णांच्या शरीरात फुटले आणि परत मागवावे लागले. स्फटिकाला झुकण्याची मुभा दिली की तो कधी आणि कुठे झुकेल हेही सांभाळावं लागतं, हा धडा तेव्हा माणसांच्या वेदनेतून मिळाला.

सीमेवर काय आहे

१९७० च्या दशकापासून निटिनॉल प्रयोगशाळेबाहेर पडलं. लढाऊ विमानांच्या नळ्या जोडायला त्याची कडी आली: अतिथंड करून ताणायची, नळीवर चढवायची, आणि ती गरम होताना आवळून बसते. आयोवाचे जॉर्ज अँड्रियासन यांनी वाकडे दात सरळ करायला निटिनॉलची तार वापरायचं सुचवलं. पुढे पायांच्या रक्तवाहिन्यांत स्वतःहून उमलणारी जाळी आली. पोलादाची तार एका टक्क्याहून कमी ताणली तरी कायमची वाकते. निटिनॉलची चांगली तार सुमारे आठ टक्क्यांपर्यंत ताणून सोडली तरी पूर्वीच्या लांबीला येते.

या काळात लक्ष पट्ट्यांवरून त्यांच्यामधल्या सीमांकडे वळलं. केंब्रिजचे एकहार्ड साल्ये यांनी १९९० साली फेरोइलॅस्टिक स्फटिकांवरचा मोठा ग्रंथ लिहिला. १९९८ मध्ये त्यांनी आणि अ‍ॅलिसन एअर्ड यांनी दाखवलं की टंगस्टन ऑक्साइडच्या स्फटिकात वीज विनाअडथळा वाहते ती फक्त जुळ्यांच्या सीमेवर, आजूबाजूला नाही. सीमा म्हणजे काही अणूंच्या जाडीची भिंत, पण तिचे गुण दोन्ही बाजूंच्या प्रदेशांपेक्षा वेगळे. सौर पेशींसाठी आज जगभर ज्या पेरोव्हस्काइट स्फटिकांवर काम चाललं आहे, त्यांतही अशा जुळ्या पट्ट्या सापडल्या आहेत.

आणि साल्ये यांच्यासह अनेक संशोधकांनी पुन्हा कान लावला. स्फटिकावर संवेदक चिकटवून, सावकाश जोर वाढवत, सीमा सरकताना होणारा प्रत्येक बारीक कडकडाट नोंदवला. बारीक कडकडाट पुष्कळ, मध्यम थोडे, मोठे अगदी क्वचित, आणि या प्रमाणात एक ठरावीक गणिती नियम. भूकंपांच्या धक्क्यांचं प्रमाणही तसंच असतं; कोयनेच्या परिसरात बारीक हादरे वर्षानुवर्षं येत राहतात आणि १९६७ सारखा मोठा धक्का क्वचित येतो, तेही याच तऱ्हेने. सीमा हळूच सरकत नाही. ती अडते, ताण साठवते आणि एकदम सुटते. एका जागी सुटली की शेजारच्या जागाही सुटतात.

कांडी पुन्हा हातात

जुळेपण हा आधी दोषच होता. खनिजशास्त्रज्ञाला तो चांगला नमुना बिघडवणारा वाटला, रेडिओच्या कारागिराला चकती वाया घालवणारा, मातीकाम करणाऱ्याला भट्टीत तडे पाडणारा. ज्या दिवशी हे सगळं एका व्याख्येत बसलं, त्या दिवसापासून त्याचा हिशोब मांडता आला, आणि हिशोब मांडता आला म्हणून ते कामाला लावता आलं. आयझू यांच्या कोष्टकाने एकही नवा स्फटिक निर्माण केला नाही. त्याने लोकांना आपल्या हातातला स्फटिक ओळखायला शिकवलं.

म्हणून आता कथलाची कांडी कानाशी धरली की त्या करकरीत काय चाललंय ते सांगता येतं. प्रत्येक बारीक आवाज म्हणजे कथलाच्या एका कणातला एक पट्टा उलट बाजूला कलल्याची खूण आहे. अणूंनी शेजारी सोडले नाहीत, फक्त दिशा बदलली, आणि त्या बदलाचा धक्का हवेतून आपल्या कानापर्यंत आला. वाकड्या दातांना बसवलेली तार सरळ होण्याची हळूहळू धडपड करते तेव्हा तिच्यातही असेच पट्टे कलत असतात. तिचा आवाज तेवढा आपल्याला ऐकू येत नाही.